कुमारवय, कुटुंब आणि समुपदेशनाची भाषा : वर्धा जिल्ह्याच्या बोलीसंदर्भात

कुमारवयीन मुलामुलींच्या कुटुंबांना तज्ज्ञांचे साहाय्य कसे मिळावे, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा किंवा समाजकार्याचा मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात बोलावे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या साहाय्याचे मुख्य साधन औषध नसून संभाषण असते, आणि जेथे संभाषण हेच साधन आहे तेथे शब्दाची निवड ही उपचाराचाच भाग ठरते. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्हा समोर ठेवून या प्रश्नाच्या भाषिक अंगाचा विचार करावयाचा आहे.

आरंभी इतिहासातील एका योगायोगाची नोंद घेणे उचित होईल. १९३६ साली मुंबईस स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले; या देशातील अशा प्रकारच्या कार्याचा तो प्रारंभ मानला जातो. त्याच वर्षी, २२ व २३ ऑक्टोबर रोजी, वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि तीतून नई तालीमची योजना पुढे आली. मुंबईच्या केंद्राने अडचणीत आलेल्या मुलाकडे त्याच्या कुटुंबासह पाहण्याचा मार्ग घेतला. वर्ध्याच्या योजनेने हाताच्या कामातून, मातृभाषेतून आणि सामुदायिक जीवनातून मूल घडविण्याचा मार्ग घेतला. पहिल्या मार्गात तज्ज्ञ आहे, दुसऱ्यात मातृभाषा आहे. या दोहोंची सांगड अद्याप पुरती बसलेली नाही, हेच आपल्या विवेचनाचे सूत्र आहे.

प्रथम नावांचा विचार करू. या वयाला मराठी शास्त्रीय लेखनात ‘पौगंडावस्था’ म्हणतात. भागवताच्या टीकापरंपरेत मात्र पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड आणि पंधराव्यापर्यंत कैशोर असा संकेत आहे. म्हणजे ज्या वयाला आपण पौगंड म्हणतो त्याला त्या संकेताप्रमाणे कैशोर म्हणावे लागेल. अर्थ सरकणे हा भाषेचा धर्मच असल्याने यात दोष काढण्याचे कारण नाही. अडचण निराळी आहे. हा शब्द कोणत्याही घरात बोलला जात नाही. घरात ‘वयात येणे’, ‘शहाणी होणे’, ‘मिसरूड फुटणे’, ‘शिंगे फुटणे’ असे प्रयोग आढळतात, आणि पुढच्या टप्प्यासाठी ‘गद्धेपंचविशी’ आहेच. यांतील पहिले तीन देहाच्या वाढीकडे बोट दाखवितात आणि उरलेले वर्तनावर शेरा मारतात. मनाच्या घालमेलीस नाव देणारा शब्द त्यांत नाही. त्यामुळे मुलाचे मन ढवळून निघते तेव्हा कुटुंबापाशी दोनच वर्ग उरतात : देह वाढतो आहे, अथवा मूल बिघडले आहे.

दुसरा शब्द ‘समुपदेशन’. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. तज्ज्ञाचे काम मात्र उपदेशाच्या बहुधा उलट असते. त्याने ऐकावे, प्रश्न विचारावेत, आणि कुटुंबाला आपला मार्ग आपणच दिसेल अशी परिस्थिती निर्माण करावी, अशी अपेक्षा असते. परंतु वडील मुलाला ‘समुपदेशकाकडे’ नेतात तेव्हा, आपण सांगून थकलो, आता अधिक वजनदार माणसाने सांगावे, या भावनेने नेतात. आणि मुलालाही तेथे आणखी एक उपदेशक भेटणार याची खात्री असते. तज्ज्ञाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याची भूमिका शब्दाने ठरवून टाकलेली असते. या दृष्टीने शासनाच्या एका निवडीचे स्वागत केले पाहिजे. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे वयाच्या सर्व मुलामुलींसाठी असून मानसिक आरोग्य, पोषण, व्यसन, हिंसा हे त्याचे विषय आहेत. किशोरांसाठीच्या आरोग्यकेंद्रांना महाराष्ट्रात ‘मैत्री’ हे नाव देण्यात आले. सोळाव्या वर्षी पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, हे जुने सुभाषित ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला या नावाचा आशय समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा मुद्दा व्याकरणाचा आहे आणि तो वर्धा जिल्ह्याला विशेषत्वाने लागू पडतो. येथील घरांत वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी बोलली जाते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, या बोलींची नोंद झालेली आहे. तिच्यात चालू क्रिया दाखविण्यासाठी ‘-ऊन राहणे’ ही रचना वापरतात; हिंदीतील ‘कर रहा है’ या रचनेशी तिचे साम्य उघड आहे. समजा, एखादी आई तज्ज्ञापुढे म्हणाली, ‘पोट्टं ऐकून नाही राहिलं.’ तिच्या वाक्याचा अर्थ असा की सध्या, या दिवसांत, मूल ऐकेनासे झाले आहे. प्रमाण मराठीत याची नोंद ‘मुलगा ऐकत नाही’ अशी होते, आणि ‘ऐकत नाही’ हे रूप चालू क्रियेइतकेच स्वभावाचेही वाचक आहे. आईने एका अवस्थेचे वर्णन केले. कागदावर मात्र मुलाच्या स्वभावाचे वर्णन उमटले. अवस्था पालटते, स्वभाव चिकटतो. ‘कधीपासून?’ हा प्रश्न आईच्या वाक्यातून आपोआप निघतो. नोंदीतल्या वाक्यातून तो निघेलच असे नाही. आणि कोणत्याही निदानाला हा प्रश्न अत्यावश्यक असतो.

सर्वनामांचेही असेच आहे. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांतील सत्ता आणि सलगी यांचे जे विवेचन केले, ते या बैठकीला नेमके लागू पडते. तज्ज्ञ वडिलांना ‘तुम्ही’ आणि मुलाला ‘तू’ म्हणतो, तेव्हा पहिल्याच वाक्यात तो प्रौढांच्या पंक्तीस जाऊन बसतो. मुलाला ‘तुम्ही’ म्हणावे तर ते कृत्रिम वाटते. यावर मराठीतच एक उपाय आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे : पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो सामावला जातो. आईबाप ‘आम्ही तुझ्यासाठी इतके केले’ असे म्हणतात तेव्हा मूल बाहेर उभे असते. ‘आपण याचे काय करू या?’ असे तज्ज्ञाने विचारले की तिघेही एका वाक्यात येतात. कुशल समुपदेशक हे अनुभवाने करतो. ते शिकवता येते, हे भाषाशास्त्राने सांगावयाचे आहे.

तथापि ‘आपण’ची मर्यादाही जाणली पाहिजे. मुलाशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक असते आणि त्याने सांगितलेले सहसा घरी उघड केले जात नाही. पण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ही अट पहिल्या भेटीतच, मुलाला समजेल अशा बोलीत सांगितली पाहिजे; नंतर सांगितली तर ती विश्वासघातासारखी वाटते.

जिल्ह्यात साधनांचा सर्वथा अभाव आहे असे नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जिची स्थापना १९६९ साली झाली, मनोविकारशास्त्राचा विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने मानसिक साहाय्य मिळते आणि ते मराठीतूनही मिळते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. परंतु जिल्ह्यात कोलामी बोलणारी कुटुंबेही आहेत. एमेनो यांचे १९५५ साली प्रसिद्ध झालेले कोलामीचे व्याकरण प्रामुख्याने वर्ध्याकडील बोलीवर आधारलेले आहे. ज्या भाषेचे वर्णन जगभरच्या द्राविड भाषाभ्यासकांच्या कपाटात आहे, त्या भाषेत आपल्या मुलीची व्यथा सांगू पाहणाऱ्या आईला मात्र बहुधा दुसऱ्याच भाषेचा आधार शोधावा लागतो. ही विसंगती आपल्या शास्त्राला भूषणावह नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवावेसे वाटते. राग, धास्ती, उदासी, एकटेपणा यांसाठी या जिल्ह्यातील घरांत कोणते शब्द व कोणत्या रचना वापरल्या जातात, त्यांचा संग्रह बोलणाऱ्यांच्या संमतीने करावा, आणि तो तज्ज्ञांच्या हाती द्यावा. तज्ज्ञानेही आईचे पहिले वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे व भाषांतर नंतर करावे. काम लहान आहे. परंतु मुलाविषयी लिहिलेले पहिले वाक्य पुढील प्रत्येक कागदावर उतरत जाते, आणि ते कोणाच्या भाषेत लिहिले गेले यावर त्या मुलाकडे कसे पाहिले जाईल हे पुष्कळ अंशी ठरते.