झिजलेले ठसे आणि हयातीचा दाखला

वाचकहो, आपल्या उजव्या हाताचा अंगठा क्षणभर उजेडात धरून पाहा. नगर शहरात किंवा संगमनेर-अकोले भागात ज्या स्त्रियांनी तीस-चाळीस वर्षे विड्या वळल्या, त्यांच्या बोटांवरील रेषा पाने कातरता-वळताना पुसट होत गेलेल्या असतात. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाशी झुंजलेल्या हातांची गत निराळी नसते. लोणीजवळ १९५० साली प्रवरा सहकारी साखर कारखान्याची धुराडी पेटली. तेव्हापासून या जिल्ह्यात कारखानदारीत राबलेल्या हातांची गणती कोण करणार? त्यातच वार्धक्यात त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिची लवचीकता घटते. मग हयातीचा दाखला देण्यासाठी अंगठा यंत्रावर ठेवला की यंत्र पुन्हा पुन्हा नकार देते. ज्या कष्टांपोटी निवृत्तिवेतन मिळायचे, त्या कष्टांनीच त्याची वाट अडवावी, हा उपरोध मोठा क्रूर आहे.

कारखान्यांतून निवृत्त झालेल्या बहुतेकांचे निवृत्तिवेतन १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून येते. सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम दरमहा १००० रुपये आहे. एवढ्यात काय भागते, हा ज्येष्ठांचा प्रश्न रास्तच आहे. तरीही ज्या घरात रक्तदाबाच्या गोळ्या याच पैशांतून येतात, तिथे एका महिन्याचा खंडही जाणवतो. दाखला मुदतीत पोहोचला नाही की वेतन थांबते. दाखला दिल्यावर थकबाकीसह ते सुरू होते खरे, पण मधल्या काळात औषधे उधारीवर आणावी लागतात किंवा चक्क बंद पडतात. म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात मांडावासा वाटला.

‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. आरंभी ती बोटांच्या ठशांवर आणि डोळ्यांच्या बुबुळावर अवलंबून होती. २०२१ मध्ये तीत चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि झिजलेल्या बोटांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. मुलाचा, सुनेचा किंवा नातीचा साधा स्मार्टफोन चालतो. त्यावर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप्स घ्यावीत. प्रथम फोन हाताळणाऱ्याने आपली ओळख पटवायची, मग ज्येष्ठांची. आधार क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा म्हणजे पीपीओ क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक आणि मोबाइल जवळ ठेवावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना इथे थोडे सांगावेसे वाटते. आजोबा अंथरुणाला खिळलेले असले तरी त्यांना कुठे नेण्याची गरज नाही. खिडकीचा उजेड पाठीमागून न येता चेहऱ्यावर पडेल अशा बेताने त्यांना उशीला टेकवून बसवा आणि चष्मा काढा. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. ऐकू कमी येत असेल तर खांद्याला हलका स्पर्श करून खूण करा. घाई नको. दमलेल्या माणसाला पाच वेळा ‘इकडे बघा’ म्हणून ओरडण्यापेक्षा सकाळी न्याहारीनंतर, मन प्रसन्न असताना हे काम करावे. घरात स्मार्टफोन नसेल तर बँक, टपाल कार्यालय किंवा सामायिक सुविधा केंद्र आहेच.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. या योजनेत नोव्हेंबरातच दाखला द्यावा असे बंधन नाही. तो वर्षात केव्हाही देता येतो आणि त्या दिवसापासून वर्षभर ग्राह्य धरला जातो. मग थंडीत, दम्याचा त्रास वाढलेला असताना रांगेत का उभे राहायचे? मात्र पुढच्या वर्षीची तारीख दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवा.

सावधपणा हवाच. ‘तुमचे पेन्शन बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो खुशाल ठेवून द्या. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. भविष्यनिर्वाह निधीविषयीच्या शंकांसाठी १४४७० हा क्रमांक आहे.

आणि सुप्याच्या किंवा नागापूरच्या कारखान्यात आज कामाला जाणारा मुलगा घरी असेल, तर त्याचा दाखला-ॲप हाताळण्याचा हात बसला आहे तोवरच त्याला त्याच्या स्वतःच्या यूएएन क्रमांकाचे पासबुकही उघडायला सांगा. पगारातून कापलेली रक्कम दरमहा जमा होते की नाही, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते की नाही, हे त्यात दिसते. आजोबांच्या काळी ही माहिती कारकुनाच्या वहीत असे आणि चूक बहुधा निवृत्तीनंतरच उघडकीस येई. त्याला ती आज रात्री जेवणानंतर पाहता येईल.