मदतीचं पान कुणाच्या डोळ्यांनी तपासायचं?

मंडळी, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस एचटीएमएलवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न आमचाच जुना आहे: मला जे दिसतं, तेच तुम्हाला दिसतं का?

ई-पीक पाहणी २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली. नोंद मोबाइलवर कशी करायची, याची मदतीची पानं मी जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांसाठी लिहिली. घरच्या संगणकावर प्रिव्ह्यू पाहिला, झकास. दोन दिवसांनी घोडेगावहून एकाचा फोन. "सर, हे कुठल्या भाषेत लिहिलंय?" मजकूर मी माझ्या जुन्या मराठी फाँटमध्ये टंकला होता. असल्या फाँटात इंग्रजी अक्षरांवर मराठी आकारांचा मुखवटा असतो. फाइलमध्ये इंग्रजीच साठतं. मुखवटा माझ्या संगणकात होता, त्याच्या मोबाइलमध्ये नव्हता. नोंदीची मुदत संपत आलेली, आणि त्या बिचाऱ्याला तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागल्या.

युनिकोडमध्ये हा घोळ नाही. तिथे 'क' चा स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. यूटीएफ-८ पद्धतीत तो तीन बाइटांत साठतो. मात्र पानाच्या अगदी सुरुवातीला, मेटा चारसेटच्या ओळीत, 'हे यूटीएफ-८ आहे' असं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ब्राउझर अंदाज बांधतो. तो चुकला, की एकेका अक्षराची दोन-तीन विचित्र चिन्हं होतात. भाषाही नोंदवावी, म्हणजे सोय असलेल्या फाँटात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात.

आता खरी गंमत. नाणेघाटाखाली दऱ्या आहेत. दर्या तिथून बराच लांब, कोकणात! या दोन शब्दांतला फरक प्रिव्ह्यूत निदान दिसतो तरी. पण 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकीत नुक्तावाला ऱ असतो, दुसरीत साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण साध्या शोधयंत्रणेला ते दोन वेगळे शब्द. शेतकरी शोधतो, 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि पान तर तिथेच असतं. नैयायिक प्रत्यक्षाला प्रमाण मानतात, पण इथे डोळ्यांचा काही उपयोग नाही.

म्हणून मी आता पान दुसऱ्याच्या, शक्यतो स्वस्तातल्या मोबाइलवर उघडतो. फाँट माझा नको, कीबोर्डही माझा नको. शोधाचा शब्द त्यालाच टंकायला सांगतो, आणि मी गप्प बसतो. हे गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही.