टॅब बंद, कॉम्प्युटर गायब!

सेमिस्टर संपायला दोन महिने उरले होते आणि माझ्या रूममेटचा लॅपटॉप बंद पडला. सेकंडहँड, ४ जीबी रॅमचा. दुरुस्तीवाले काका म्हणाले, मदरबोर्ड गेलाय. ती बीसीएच्या फायनल इयरला, डोक्यावर प्रोजेक्ट. घरी नव्या लॅपटॉपचा विषय काढायची सोय नव्हती, त्याच महिन्यात धाकट्या भावाची फी भरायची होती. राहिली कॉलेजची लॅब. पण तिथे काहीही इन्स्टॉल करायला गेलं की ॲडमिन पासवर्ड मागतात, आणि तो फक्त लॅब असिस्टंट दादांकडे. दादा म्हणाले, "ब्राउझर आहे ना, त्यातच करा काय ते."

दादांनी विषय टाळला होता. हिने ते मनावर घेतलं.

ब्राउझरमध्ये अख्खा कॉम्प्युटर चालतो हे आधी मला पटेचना. मग तिने जेएसलिनक्स उघडून दाखवलं. फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २०११ मध्ये केलेली ही करामत. (व्हीएलसीमध्ये आपण पिक्चर बघतो, त्यामागचं एफएफएमपेगही यानेच सुरू केलेलं. काही माणसं झोपतात कधी?) त्याने जावास्क्रिप्टमध्ये एक पीसीच लिहून काढला, म्हणजे प्रोसेसर, मेमरी सगळं सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्यावर लिनक्स बूट केलं. पान उघडलं की काळ्या खिडकीत अक्षरं सरकतात आणि थोड्या वेळात कमांड टाइप करता येते. आत 'हॅलो डॉट सी' नावाची फाइल तयार असते, ती कंपाइल करून चालवता येते. तिथेच विंडोज २००० सुद्धा आहे. ते करडं स्टार्ट बटण दाबत मी दहा मिनिटं नुसती खेळत बसले. हळू चालतं, पण चालतं.

प्रोजेक्टसाठी तिने घेतलं ते याच जातीचं, पण वेगवान. आता टॅबच्या आतच नोड जेएस चालवणारी एन्व्हायर्नमेंट्स मिळतात. स्टॅकब्लिट्झने २०२१ मध्ये वेबकंटेनर्स आणले, तो हाच प्रकार. डावीकडे फाइल्स, मध्ये कोड, खाली टर्मिनल. अशाच एका एडिटरमध्ये तिने चार दिवस काम केलं. सोमवारी त्याच पीसीवर बसली, तर सगळं कोरं. लॅबचे पीसी रीस्टार्ट झाले की आदल्या दिवसाचं सगळं पुसून टाकतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि तिच्या फाइल्स होत्या त्या पीसीवरच्या ब्राउझरच्या पोटात. त्या रात्री ती जेवली नाही.

गोची इथेच आहे. दिसायला सारखी असली, तरी ही दोन वेगळी यंत्रं आहेत. एकात कॉम्प्युटर तुमच्या टॅबमध्ये असतो, समोरच्या पीसीची रॅम खातो. दुसऱ्यात, म्हणजे गिटहब कोडस्पेसेससारख्या सोयीत, खरं मशीन लांब कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये चालतं आणि टॅब ही फक्त त्याची खिडकी. ओळखायची ढोबळ युक्ती सांगते. वायफाय बंद करा आणि टर्मिनलमध्ये एखादी साधी कमांड द्या. उत्तर आलं तर मशीन इथलं, अडकलं तर लांबचं.

मग ती कोडस्पेसेसवर गेली. तिथे पर्सनल अकाउंटला महिन्याला १२० कोअर-तास फुकट. दोन कोअरचं मशीन घेतलं तर प्रत्यक्षात ६० तास. सेटिंग बदललं नाही तर ३० मिनिटं हात न लावल्यावर ते आपोआप थांबतं, म्हणजे चहाला गेलात तरी मीटर चालूच! ती चहाला उठतानाही मशीन बंद करायची आणि वापरलेले तास वहीच्या मागच्या पानावर लिहायची. दिवसा लॅब, रात्री अकरानंतर माझा लॅपटॉप. माझ्याकडे काहीही इन्स्टॉल न करता ती लॅबमध्ये सोडलेल्या ओळीपासून पुढे सुरू व्हायची. हे मात्र मला जाम आवडलं.

तरी तिने त्यावरही विश्वास टाकला नाही. मशीन महिनाभर वापरलं नाही तर तेही डिलीट होतं. आणि कंपन्यांचं काय सांगावं? ॲमेझॉनच्या क्लाउड९ ने जुलै २०२४ मध्ये नवीन ग्राहक घेणं थांबवलं. म्हणून उठण्याआधी रोज गिटवर पुश, भूक लागली असली तरी. मला विचाराल तर एडिटर कुठला, यापेक्षा फाइल कुठे राहते हे आधी बघा.

व्हायव्हाच्या दिवशी एक्सटर्नल सरांनी विचारलं, "तुझा लॅपटॉप कुठंय?" तिने लॅबच्या पीसीवर लॉगिन केलं, सर्व्हर सुरू केला आणि प्रोजेक्ट चालवून दाखवला. वहीच्या मागच्या पानावर त्या महिन्याचे साडेतीन तास शिल्लक होते.