जामनेरपासून सगळ्यात जवळचा सी-अर्चिन कुठे?

समुद्रातल्या काटेरी प्राण्यांवर पीएचडी चाललीय म्हटलं, की जामनेरात प्रश्न ठरलेला: "इथे समुद्र कुठून आणला भो?" रास्त आहे. कांग नदीच्या काठावरून अरबी समुद्र सरळ रेषेत तीनेकशे किलोमीटर. पण सी-अर्चिन त्याहून जवळ सापडतात. फक्त ते नऊ कोटी वर्षांपूर्वी मेलेले आहेत.

आधी प्राणी कोणता ते बघू. दहावीच्या पुस्तकातला 'कंटकचर्मी' संघ आठवतो का? तारामासा, समुद्रकाकडी, सी-अर्चिन ही सगळी एकाच घरातली. या संघाच्या आज सुमारे ७,००० जाती आहेत, त्यातल्या हजारेक सी-अर्चिनच्या. गंमत म्हणजे यातली एकही जात नदीत, तळ्यात किंवा जमिनीवर राहत नाही. त्यामुळे एखाद्या खडकात सी-अर्चिन मिळाला, की तिथे खारं पाणी होतं हे जवळपास पक्कं. शिंपल्याच्या बाबतीत असं छातीठोक सांगता येत नाही, शिंपले वाघूरमध्येही असतात.

आता नकाशा काढा. जामनेरच्या वायव्येला, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून साधारण दोनशे किलोमीटरवर, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव आहे. लेण्यांमुळे ऐकलं असेल. तिथे आपल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या खाली चुनखडीचे थर उघडे पडलेत. त्यातला एक गाठीगाठींचा, आणि एकाला जुन्या भूशास्त्रज्ञांनी 'कोरलाइन' म्हणजे पोवळ्यांचा चुनखडक असं नाव दिलं. प्रत्यक्षात त्यात पोवळी नाहीत, ब्रायोझोआ नावाच्या वेगळ्याच वसाहती करणाऱ्या जीवांचे सांगाडे आहेत. चुकीचं नाव मात्र अजून तसंच चालू आहे.

या थरांतले सी-अर्चिन मार्टिन डंकन यांनी १८६५ मध्ये लंडनमध्ये बसून वर्णन केले. एका जातीला त्यांनी नर्मदेवरून 'नामाडिकस' नाव दिलं. डंकन यांचं म्हणणं असं, की हे प्राणी अरबस्तान आणि युरोपातल्या त्या काळच्या प्राण्यांशी जुळतात, त्रिचनापल्लीकडच्या खडकांतल्यांशी नाही. म्हणजे समुद्र पश्चिमेकडून आत शिरला, आणि दक्षिणेच्या समुद्रात व त्याच्यात जमीन आडवी होती. मुठीत मावणाऱ्या कवचांवरून अख्ख्या भूखंडाचा आकार ठरवायचा! १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा आपला खान्देश आणि हे थर एकाच ग्रंथात आले.

पुढे जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३७ आणि १९३९ मध्ये बाघच्या सी-अर्चिनवर शोधनिबंध लिहिले. मराठी माणसाचं हे काम आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो. २०१० मध्ये अँड्र्यू स्मिथ यांनी हा सगळा गट पुन्हा तपासला आणि त्याचा काळ ट्युरोनियन, म्हणजे साधारण ९.४ ते ९ कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला. 'जुन्याच नमुन्यांवर परत परत काय काम?' असं तुम्ही म्हणाल. पण झिजलेला किंवा दबलेला नमुना दिसला की नवी जात जाहीर करण्याचा मोह सगळ्यांना होतो. जातींचा आकडा फुगला, तर कुठला समुद्र कुठल्याशी जोडलेला होता हा हिशेबच बिघडतो.

कवच वाचायला शिकणं अवघड नाही. गोल कवच, तोंड बरोबर खाली आणि गुदद्वार बरोबर वर असेल, तर तो खडकांवर चरणारा, जाड काट्यांचा. बाघमधला 'स्टिरिओसिडॅरिस' असाच. कवच बदामासारखं, पुढे खाच आणि गुदद्वार मागे सरकलेलं असेल, तर तो गाळात घुसून राहणारा, 'हेमिएस्टर'सारखा. म्हणजे एका कवचावरून समुद्राचा तळ कसा होता, तेही कळतं.

आता मुद्द्याचं. शेतात, विहिरीच्या खोदाईत मिळालेल्या काटेरी गारगोट्या लोक मला दाखवतात. आपला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि ते हुबेहूब सी-अर्चिनसारखे दिसू शकतात. ओळखायचं कसं? पाच मोजा. सी-अर्चिनच्या कवचावर पाच दुहेरी पट्टे असतात, बारीक छिद्रांचे. खनिजाच्या स्फटिकाला चार, सहा अशी सममिती असते, पण पाचाची बसत नाही, कारण पंचकोनी फरश्यांनी जमीन भरता येत नाही, फटी राहतातच. (शंका असेल तर पुठ्ठ्याचे पंचकोन कापून बघा.) शिवाय सी-अर्चिनच्या कवचाची प्रत्येक तबकडी कॅल्साइटच्या एकाच स्फटिकासारखी वागते, त्यामुळे तुटलेल्या कडेवर सपाट, चकचकीत पृष्ठ दिसतं.

मग जामनेरच्या खालीही तो समुद्र होता का? नर्मदा-तापी पट्ट्यात कृत्रिम भूकंपलहरी सोडून केलेल्या सर्वेक्षणांत लाव्हाच्या खाली काही ठिकाणी जुने गाळाचे थर असल्याच्या खुणा मिळाल्यात. पण लहरी थराची जाडी सांगतात, त्यात सी-अर्चिन आहे की नदीची वाळू, हे सांगत नाहीत. त्यासाठी लाव्हातून आरपार बोअर घेऊन खालचा दगड वर काढावा लागतो, आणि आपल्या पाण्याच्या बोअर तर बेसाल्टमध्येच थांबतात.