ऑक्टेन अंक म्हणजे ताकद नव्हे
मीरा रोडच्या पूनम सागरहून मे महिन्याच्या दुपारी दोघे जण मोटारसायकलवर बसून गायमुखचा घाट चढू लागलो, की कधीकधी इंजिनातून खडे आपटल्यासारखा आवाज येतो. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप भडकते, त्याचा हा आवाज. तो वारंवार होऊ दिल्यास दट्ट्या खराब होतो. असे भडकणे टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक : आयसोऑक्टेनचा १००, नॉर्मल हेप्टेनचा ०. त्याने उष्मांक वाढत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत ९१ लिहिले असता ९५चे महाग पेट्रोल भरणे बहुधा व्यर्थच! महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब साधारण १५ टक्क्यांनी कमी. तिथे हा धोका घटतो. चढावर आवाज आलाच, तर आधी खालचा गिअर टाकावा. तरीही न थांबल्यास सिलिंडरात काजळी साचली आहे का, ते पाहावे.