जपानीतील ‘ओन्बिन’ आणि मुखसुखाची मर्यादा

ध्वनिपरिवर्तनाची कारणमीमांसा करताना आपल्या अध्यापनात ‘मुखसुख’ या कारणाचा निर्देश प्रथम केला जातो. जपानी व्याकरणातील ‘ओन्बिन’ ही संज्ञा याच कल्पनेशी जुळते. तिचा शब्दशः अर्थ ‘ध्वनीची सोय’ असा आहे. हेइआन काळातील (७९४–११८५) लेखनात ही परिवर्तने आढळू लागतात. ‘काकिते’ (लिहून) या रूपातील दुसऱ्या ‘क्’चा लोप होऊन ‘काइते’ झाले. ‘तोरिते’चे (घेऊन) ‘तोत्ते’, तर ‘योमिते’चे (वाचून) ‘योंदे’ झाले.

येथवर मुखसुखाचे स्पष्टीकरण समाधानकारक वाटते. परंतु ‘लिहावेसे वाटते’ या अर्थाचे ‘काकिताइ’ हे रूप आजही अविकृत आहे. ‘काकित्’ हा ध्वनिक्रम दोहोंत समान असता एकाच ठिकाणी उच्चार सुकर का व्हावा? शिवाय ‘योबिते’चेही (हाक मारून) ‘योंदे’ झाल्याने दोन भिन्न क्रियापदांची रूपे ध्वनिक्रमाच्या दृष्टीने एक झाली. म्हणजे वक्त्याची सोय ही श्रोत्याची सोय असतेच असे नाही.

तात्पर्य, मुखसुख परिवर्तनाची दिशा सुचविते. ते कोणत्या प्रत्ययापूर्वी घडावे, हे त्या भाषेचे व्याकरण ठरविते. मराठीतील ध्वनिपरिवर्तने शिकवितानाही ‘मुखसुख’ एवढे म्हणून थांबणे म्हणूनच अपुरे ठरते.