फुल्यांच्या तक्त्यातून निघणारे नियम

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या डायकास्टिंग शॉपमध्ये रिजेक्शन वाढले की पहिले बोट तिसऱ्या शिफ्टकडे दाखवले जाते. ते खरे की खोटे हे ठरवायला लागणारी माहिती तपासणीच्या रजिस्टरमध्ये पडून असते. टक्केवारीचे आलेख भिंतीवर लागतात, पण कशाबरोबर काय येते याचा उलगडा त्यातून होत नाही. नेमक्या या कामासाठी गणिताने एक साधन चाळीस वर्षांपूर्वीच घडवून ठेवले आहे. त्याचे नाव फॉर्मल कन्सेप्ट अ‍ॅनालिसिस.

एक छोटा, कल्पित तक्ता घेऊ. ओळींत सहा कास्टिंग, रकान्यांत चार गुण: जुनी डाय, तिसरी शिफ्ट, मालाचा नवा लॉट आणि ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेली पोकळी. गुण असेल तिथे फुली, नसेल तिथे रिकामे. पहिल्या कास्टिंगला जुनी डाय, तिसरी शिफ्ट आणि ब्लो होल. दुसऱ्याला तिसरी शिफ्ट आणि नवा लॉट. तिसऱ्याला जुनी डाय, नवा लॉट आणि ब्लो होल. चौथ्याला चारही फुल्या. पाचव्याला फक्त जुनी डाय, सहाव्याला फक्त तिसरी शिफ्ट.

आता पहिले, तिसरे आणि चौथे कास्टिंग एकत्र पाहा. तिघांतही समान असे दोनच गुण आहेत, जुनी डाय आणि ब्लो होल. उलट, हे दोन्ही गुण असलेली कास्टिंग शोधली तर हीच तीन मिळतात. वस्तूंचा गट आणि गुणांचा गट एकमेकांना असे पुरते बांधून ठेवतात, तेव्हा त्या जोडीला ‘संकल्पना’ म्हणतात. चार गुणांचे गट १६ होऊ शकतात, पण या तक्त्यात त्यांतले ९च संकल्पना म्हणून टिकतात. वर व्यापक आणि खाली नेमकी अशा क्रमाने त्या मांडून रेषांनी जोडल्या की तयार होते ती जालिका, म्हणजे लॅटिस. जे सात गट गळाले त्यांतून नियम निघतात. ब्लो होल असेल तिथे जुनी डाय असतेच. जुन्या डायला तिसरी शिफ्ट किंवा नवा लॉट यांपैकी काहीही येऊन मिळाले की ब्लो होल येतो. नुसत्या तिसऱ्या शिफ्टवर मात्र ठपका ठेवता येत नाही. दुसरे आणि सहावे कास्टिंग तिच्या बाजूने साक्ष देतात.

जर्मनीतल्या डार्मस्टाट इथले गणिती रुडॉल्फ विले यांनी १९८२ मध्ये ही मांडणी केली. जालिकांचे गणित त्याआधीचे; गॅरेट बर्कहॉफ यांचा त्यावरचा ग्रंथ १९४० चा. विले यांचा आग्रह असा की या अमूर्त गणिताने माणसांच्या रोजच्या विचाराशी पुन्हा नाते जोडावे. महाराष्ट्रातही जालिकांवर कसून काम झाले आहे. ठाकरे, पवार आणि वाफरे या तिघांनी २००२ मध्ये एका खास प्रकारच्या जालिकांची रचना उलगडली. त्या जालिकांतून ठरावीक क्रमाने एकेक बिंदू काढत गेले तरी प्रत्येक टप्प्यावर जालिकाच उरते.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हे साधन १९९०च्या दशकात उचलले. एकच प्रोग्राम अनेक संगणकांवर चालावा म्हणून त्यात ‘अमुक यंत्र असेल तर या ओळी घ्या’ अशा अटी घालतात. वर्षानुवर्षे त्यांची गुंतागुंत वाढत जाते. जर्मनीतच ग्रेगोर स्नेल्टिंग यांनी कोडच्या ओळी आणि अटी यांचा तक्ता करून तो गुंता जालिकेत उघडा केला. चाकणला तयार होणाऱ्या वाहनांतही हाच पेच असतो. एकाच मॉडेलचे अनेक व्हेरिएंट, प्रत्येकाचे फीचर वेगळे, आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर बरेचसे सामाईक.

इथे तक्त्याचा आणखी एक उपयोग होतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. व्हेरिएंटच्या तक्त्यातून हा नियम निघाला नाही, तर कुठेतरी नोंद चुकली आहे हे लगेच कळते.

पण मर्यादाही खऱ्या आहेत. २० गुण घेतले तर त्यांचे गट दहा लाखांवर जातात. सगळेच संकल्पना ठरत नसले, तरी जालिका डोळ्यांनी वाचता येत नाही इतकी फुगू शकते. लिंडिग आणि स्नेल्टिंग यांनी १९९७ मध्ये सुमारे एक लाख ओळींचा जुना फोर्ट्रान प्रोग्राम तपासला, तेव्हा त्याचे नीट भाग पाडताच येईनात. मला हेही उत्तर मोलाचे वाटते. शिवाय एक चुकीची फुली खरा नियम मोडते, आणि नियम सापडला म्हणजे कारण सापडले असेही नाही.

म्हणूनच या पद्धतीतला प्रश्नोत्तरांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. संगणक विचारतो, ‘जुनी डाय आणि नवा लॉट एकत्र आले की ब्लो होल येणारच का?’ वीस वर्षे डाय सेट करणारा माणूस एक तर ‘हो’ म्हणतो, नाहीतर तसे न घडलेले एक कास्टिंग दाखवतो. ते नवी ओळ म्हणून तक्त्यात जाते आणि पुढचा प्रश्न येतो. त्या माणसाच्या डोक्यातले ज्ञान तो निवृत्त होण्याआधी असे कागदावर उतरू शकते.

‘कन्सेप्ट एक्सप्लोरर’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. निगडी-आकुर्डीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टसाठी जवळच्या एखाद्या शॉपचे महिनाभराचे तपासणी रजिस्टर मागून घ्यावे, फुल्यांचा तक्ता करावा आणि निघालेले नियम घेऊन तिथल्या सुपरवायझरसमोर बसावे.